सोलापूर ते शिल्ट : तयारीची वही

१८ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतून वाट काढत सगळे आमच्या घरी जमले आणि अखेर ठरलं. मे महिन्यात ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, हिमाचलातला कुलू जिल्हा, तीर्थन नदीच्या खोऱ्याकडून आत शिरायचं. माणसं पाच : मामा, वहिनी, पक्षीवाले सर, पुतण्या आणि मी. वही माझ्याकडे आली, कारण टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटीचं काम म्हणजे दिवसभर नोंदीच.

मनाली का नको, यावर पुतण्याने बराच वाद घातला. मनालीला गाडी दारापर्यंत जाते आणि तिथला अर्धा वेळ गाडीतच जातो, हे माझं म्हणणं. या उद्यानात रस्ता नाही, हॉटेल नाही, वस्तीही नाही. ७५४ चौरस किलोमीटरचं रान, २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं, आणि आत जायचं ते पायीच. मामांनी शेवटी एकच विचारलं, "एकूण किलोमीटर किती?" एसटीत तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असणार.

२५ जानेवारी

मामांच्या प्रश्नाचं उत्तर काढायला बसले आणि लक्षात आलं की प्रश्नच सोलापूरचा आहे. आपल्याकडे चालणं म्हणजे अंतर. कोजागिरीला इथून तुळजापूर, पंचेचाळीस किलोमीटर, लोक रातोरात चालतात. आमच्यातल्या तिघांनी ते केलंय. त्यामुळे गुशैणी गावापासून पहिल्या मुक्कामापर्यंत, म्हणजे रोल्लापर्यंत, दहा किलोमीटर म्हटल्यावर मामा म्हणाले, "मग दुपारनंतर काय करायचं?"

म्हणून वहीत अंतराचा रकाना बारीक केला आणि उंचीचा मोठा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर. गुशैणी सुमारे १६००. रोल्ला सुमारे २१००. त्यापुढचा मुक्काम शिल्ट, सुमारे ३१००. त्यावरचं राखुंडी साडेतीन हजारांच्या पुढे. रोल्ला ते शिल्ट हे अंतर कागदावर किरकोळ दिसतं, पण त्यात हजार मीटर चढ आहे आणि तो जवळपास सलग आहे.

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा घालून दिला, तो अजून चालतो : सपाटीला तासाला पाच किलोमीटर धरा आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जादा जोडा. तो हिशेब तरण्याताठ्या, हलक्या पाठीच्या माणसाचा. आमच्यासाठी मी आलेला आकडा सरळ दुप्पट करते आहे. मामांना दाखवला. ते म्हणाले, "घाटात डिझेल जास्त लागतं, तसंच की गं हे." विषय एका वाक्यात मिटला.

१ फेब्रुवारी

मोसम. एप्रिलमध्ये वर बर्फ असतं. जूनच्या अखेरीला पाऊस पोचतो आणि मग दरडी. २०२३च्या जुलैत बियास आणि सैंज खोऱ्यांत पुराने काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम, पण सरांची शाळा. म्हणजे उरतो मेचा दुसरा पंधरवडा. शिल्टला तेव्हा जमीन मोकळी असते, राखुंडीवर बर्फाचे पट्टे मिळू शकतात.

परवाना तीर्थन बाजूने जाणाऱ्यांना गुशैणीच्या अलीकडे सैरोपाच्या वन कार्यालयात मिळतो. ओळखपत्रांच्या प्रती हव्यात. वाटाड्या आणि सामान वाहणारी माणसं तिथल्याच गावांतली घ्यायची, हे मी पहिल्यापासून धरून चालले होते. त्याला कारण आहे. १९९९ मध्ये उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा आतल्या चराईचे आणि जडीबुटी गोळा करण्याचे गावकऱ्यांचे हक्क संपले. मेंढ्या घेऊन वर जाणारी, औषधी मुळ्या खणून विकणारी घरं एका कागदावर बाहेर पडली. आता त्याच घरांतली मुलं वाट दाखवायला येतात. आपण त्यांना डावलून आपापलं तंबूचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन गेलो, तर त्या रानाची किंमत फक्त त्यांनीच मोजली असं होतं. पुतण्या म्हणतो, "आत्या, भाषण नको, रेट सांग." रेट कळला, तो हिशेबाच्या पानावर आहे.

फोनवर बोललेला वाटाड्या मितभाषी निघाला. आमची वयं विचारली, मामांचं वय दोनदा विचारलं, आणि म्हणाला की सगळ्यांचे बूट घरूनच वापरून आणा.

९ फेब्रुवारी

सोलापुरात चढ कुठून आणायचा? सिद्धेश्वर तलावाभोवती कितीही फेऱ्या मारा, पाय सपाटच राहतात. वहिनींच्या इमारतीला सहा मजले. मजल्याला तीन मीटर धरले तर एका खेपेला अठरा मीटर. म्हणजे रोल्ला ते शिल्ट करायला ती इमारत पंचावन्न वेळा चढायची. हा आकडा जिन्याजवळच्या फळ्यावर खडूने लिहिला तेव्हा वॉचमनने विचारलं, नळपट्टीची थकबाकी आहे का.

सुरुवात दहा खेपांनी. आठवड्याला पाच वाढवायच्या. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या. मुद्दाम बाटल्या, कारण चढताना भरायच्या आणि वर गच्चीतल्या कुंड्यांना घालून रिकाम्या उतरायचं, म्हणजे गुडघ्यांवर उतरणीचा भार येत नाही. हे पहिल्या महिन्यापुरतं. मार्चपासून भरल्या बाटल्यांनीच उतरायचं. चढताना दम लागतो तो दिसतो, बसलं की जातो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो. शिल्टहून उतरायचे हजार मीटर हाच आमच्या पाच जणांतल्या तिघांचा खरा पेपर आहे.

२२ फेब्रुवारी

आज कात्री.

पुतण्याचा आराखडा असा होता : शिल्टवरून पुढे डोंगर ओलांडून धेलच्या कुरणात, तिथून सैंज खोऱ्यात न्यूलीला उतरायचं. एका नदीने आत, दुसऱ्या नदीने बाहेर. कागदावर देखणा. आठवडाभर चालणं, बराच काळ तीन हजारांच्या वर, आणि मधून कुणाला परत पाठवायची वेळ आली तर जवळची वाट कुठलीच नाही.

मी विरोधात मत दिलं. सरांनीही. वहिनी तटस्थ. मामा म्हणाले, "मला चालेल," आणि त्या क्षणी वहिनी आमच्या बाजूला आल्या. पुतण्या दोन दिवस बोलणार नाही. चालायचं.

आता आराखडा साधा : गुशैणी मुक्काम, रोल्ला, शिल्ट. शिल्टला एक दिवस नुसता, आसपास फिरायचा. मग राखुंडीला जाऊन त्याच दिवशी शिल्टला परत. मग रोल्ला, गुशैणी. शिवाय एक दिवस कोरा. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हा डोंगरी वैद्यकाचा नियम. आमचा सगळ्यात वरचा मुक्काम जेमतेम त्या रेषेवर आहे, पण त्याच्या आदल्या रात्री आम्ही हजार मीटर खाली असणार. म्हणून तो नुसता दिवस. कुणी त्याला "वाया दिवस" म्हणालं तर त्याने त्या दिवशीची भांडी घासायची.

८ मार्च

आज कारखान्यातला तराजू सुट्टीच्या दिवशी कामाला लावला. विषय : अंगात काय घालायचं.

सोलापुरात सुती कपड्याविरुद्ध बोलणं म्हणजे घरच्यांविरुद्ध बोलणं. माझ्या पगाराचाच तो धागा आहे. पण आम्ही टॉवेल कशासाठी सुती विणतो? पाणी धरावं म्हणून. फासे सोडतो, ते मोकळे ठेवतो, धुताना सॉफ्टनर जास्त झाला तर पाणी शोषत नाही म्हणून अख्खा लॉट मागे येतो. जो गुण टॉवेलमध्ये पैसे देऊन घेतात, तोच बनियनमध्ये डोंगरावर अंगावर येतो.

आमच्या पुस्तकात आर्द्रतेचे ठरलेले आकडे असतात : नेहमीच्या हवेत कापूस वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरून असतो, लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. वहिनींनी लगेच पकडलं, "मग लोकर तर जास्त ओली!" बरोबर प्रश्न. लोकर ओल धाग्याच्या पोटात घेते, वरचा कुरळा पोत उभा राहतो, त्यातली हवा टिकते, म्हणून ती ओली असतानाही ऊब देते. सुती कापड ओलं झालं की अंगाला चिकटतं, मधली हवा जाते, आणि वारा लागला की अंगातली ऊब ओढून घेतं.

पाचही जणांचे टीशर्ट आणायला सांगितले होते. बादलीत बुडवले, हाताने पिळले, तोलले, पंख्याखाली दोरीवर टाकले. मामांचा जाडजूड सुती टीशर्ट चहा झाला, वहिनींची भाजी आणून झाली, तरी खांद्याच्या शिवणीला गारच. पुतण्याचा क्रिकेटचा, जाळीदार, चहा संपायच्या आत वाळला. मामांनी तो हातात घेऊन नाकाला लावला. "वास येतो रे याला." खरं आहे, पॉलिस्टरला घामाचा वास धरतो. सहा दिवस आंघोळ नाही हे सगळ्यांना सांगून झालेलं आहे.

ठराव : अंगाला लागून पॉलिस्टर किंवा पातळ लोकर, त्यावर फ्लीस, त्यावर पाऊस-वारा अडवणारं जाकीट. सुती फक्त पंचे.

सोलापुरी चादरीचा मुद्दा वहिनींनी काढला. जीआय मानांकन असलेली आपली चादर नेली नाही तर कसं? चादर तोलली. मग कुणी काही बोललं नाही. ती गुशैणीच्या यजमानांना भेट म्हणून जाईल, तिथपर्यंत गाडीने.

१७ मार्च

आरक्षण. आता साठ दिवस आधीच खिडकी उघडते, पूर्वीचे एकशेवीस गेले. १६ मेच्या कर्नाटक एक्सप्रेससाठी सकाळी आठला तीन मोबाइल, एक लॅपटॉप. मिळाली, पण बर्थ विखुरलेले. ही गाडी बंगळुरूहून येते, सोलापूर, दौंड, मनमाड करत दिल्लीला जाते, आणि मेमध्ये तिच्यात जागा मिळणं म्हणजे लग्नसराईत कार्यालय मिळण्याइतकंच. परतीचं २८ तारखेला उघडेल.

दिल्लीहून रात्रीची मनालीची बस, पण मनालीपर्यंत जायचं नाही. पहाटे औटला, बोगद्याच्या तोंडाशी उतरायचं. हे बसच्या माणसाला चढतानाच सांगून ठेवायचं, नाहीतर झोपेत बोगदा पार. मामा म्हणाले, "मी जागा असतो. ड्रायव्हर झोपत नाहीत, रिटायर झाले तरी." औटहून बंजार आणि बंजारहून गुशैणी, जीपने.

२९ मार्च

सिंहगड. शुक्रवारी रात्री निघून पुण्यात पाहुण्यांकडे, आणि शनिवारी पहाटे आतकरवाडीकडून वर. सुमारे सहाशे मीटर चढ. म्हणजे शिल्टच्या चढापैकी निम्म्याहून थोडा जास्त. सर आणि पुतण्या पुढे, वहिनी मधे, मी आणि मामा मागे. मामांनी आपली लय धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही, वाटेत एकदाही बसले नाहीत. पुतण्या तीनदा बसला. गडावर पिठलं-भाकरी, दही. उतरताना काठ्या काढल्या. दोन काठ्यांनी गुडघ्याचं बरंच ओझं हातावर येतं, फक्त उतारावर काठीची लांबी थोडी वाढवायची.

वाटाड्याला कळवलं की सर्वांत हळू माणसाचा वेग तासाला तीनशे मीटर चढ. तो म्हणाला, "ठीक है, सुबह छह बजे चलेंगे."

७ एप्रिल

डॉक्टर. मामांचा बीपी औषधाने काबूत आहे. ताण चाचणी केली, ठीक. गोळी रोजच्या वेळी चालूच ठेवायची, वर गेलो म्हणून बंद करायची नाही. उंचीच्या त्रासाची लक्षणं त्यांनी लिहून दिली : डोकं दुखणं आणि जोडीला मळमळ, चक्कर किंवा थकवा. तो वाढत गेला, चालताना झोकांड्या जायला लागल्या, बसल्या जागी धाप लागली, तर चर्चा न करता खाली. रात्र असली तरी खाली. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल विचारलं. आमच्या उंचीला आणि मुक्कामांना सरसकट गरज नाही, पण जवळ ठेवायला दिली. वहिनींना सल्फाची अ‍ॅलर्जी आहे, त्यांच्या नावापुढे फुली.

१९ एप्रिल

बाहेर बेचाळीस. आज जेवणाचं.

शिल्टच्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. इथे साडेअठ्ठ्याण्णव. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश जातो. त्यामुळे डाळ उघड्या पातेल्यात तासभर नाचत बसते आणि कच्चीच राहते. वाटाड्याची माणसं कुकर आणतात, सकाळ-संध्याकाळचं जेवण त्यांचं. दुपारचं, चालता चालता खायचं, ते आपलं.

आणि इथे सोलापूर सगळ्यांना भारी आहे. ज्वारीची कडक भाकरी. मागच्या गल्लीतल्या बाईंकडे सांगायला गेले तेव्हा त्या चुलीपुढेच होत्या. पातळ थापलेली भाकरी तव्यावरून काढून विस्तवाच्या कडेला उभी करतात, मग मंद आचेवर फिरवत राहतात, तिच्यातली ओल पार जाईपर्यंत. हातात घेऊन बोटाने टिचकी मारली, आवाज आला तर झाली. नाही आला तर परत आचेवर. ओलच नाही, म्हणून बुरशी नाही. महिनाभर टिकते आणि वजनाला काहीच नाही. त्यांना म्हटलं हिमालयात न्यायच्यात. म्हणाल्या, "मग तिळाच्या घ्या, थंडीत बऱ्या. आणि डब्यात न्या, पिशवीत चुरा होईल."

सोबत शेंगा चटणी. शेंगदाण्यात निम्मं वजन तेलाचं, म्हणजे मूठभर चटणीत जेवणाएवढी ताकद. कमी तिखट करून घेतली, कारण उंचीवर पोट बिघडलं तर हाल. हा निर्णय मामांना कळवलेला नाही. पुतण्याने एनर्जी बार मागवलेत. आणू दे. तिसऱ्या दिवशी तो कुणाच्या डब्यात हात घालतो ते बघू.

२६ एप्रिल

सरांबरोबर पहाटे नान्नजला. सरांची पंचवीस वर्षं या माळरानावर गेली, माळढोकाच्या मागे. आता तो दिसणं दुर्मीळ. आज काळवीट दिसले, धाविक पक्षी दिसला. सर इथे दुर्बीण लावतात ती क्षितिजाला, आणि पक्षी दिसला की अर्धा तास दिसतच राहतो.

तिकडे उलटं. त्यांना हवाय जुजुराणा, हिमाचलचा राज्यपक्षी, फक्त पश्चिम हिमालयात राहणारा. मेमध्ये तो साधारण चोवीसशे ते छत्तीसशे मीटरच्या पट्ट्यात, खरसू ओक आणि तोषच्या दाट रानात, खाली रिंगाळाची बांबूजाळी. नर या दिवसांत पहाटे ओरडतो. आवाज मिळेल, पक्षी मिळेलच असं नाही. सर फोनवर तो आवाज रोज ऐकतात. पण तिथे स्पीकरवर लावून पक्ष्याला बाहेर बोलवायचं नाही, हे त्यांनीच पुतण्याला बजावलं. विणीच्या दिवसांत नर खोट्या आवाजाला उत्तर देत बसतो आणि घरटं उघडं पडतं. मोनाल मात्र बहुतेक दिसेल म्हणतात, आणि वर कड्यांवर भरल, म्हणजे तिथली रानमेंढी.

राखुंडीच्या आदल्या दिवशीचा "वाया दिवस" सरांनी आता आपल्या नावावर लावून घेतलाय. पहाटे चारला उठायचं, बोलायचं नाही, बसायचं. पुतण्याने विचारलं, "मोबाइल चालतो का तिथे?" नाही चालत. गुशैणी सोडलं की नेटवर्कचा भरवसा नाही.

५ मे

वजनं. सामान वाहणाऱ्याच्या पाठीवर वीस किलोच्या वर द्यायचं नाही, हे आमच्याकडून ठरलेलं. आपल्या पाठीवर सात. वहिनींची सॅक साडेनऊ भरली. उलटली तेव्हा त्यातून निघालं : पावडरचा मोठा डबा, दोन साड्या, अगरबत्ती, लिंबाचं लोणचं काचेच्या बरणीत. साड्या गुशैणीत राहतील, लोणचं प्लास्टिकच्या डब्यात गेलं. अगरबत्ती राहिली, तिचं वजन नाही आणि मी वाद घालणार नाही.

गॅस, रॉकेल रेल्वेतून न्यायला बंदी आहे, ते तिकडचेच लोक आणतील. आपला कचरा आपणच खाली आणायचा, त्यासाठी दोन जाड पिशव्या. पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, थंडीत बॅटरी लवकर उतरते. हजार मीटरला साडेसहा अंश हा हिशेब धरला तर सोलापूर आणि शिल्ट यांच्यात नुसत्या उंचीचेच सतरा-अठरा अंश कमी, वर रात्र आणि वारा.

जिन्याच्या फळ्यावर काल पंचावन्न पूर्ण झाले. दोन बैठकीत, सकाळ-संध्याकाळ मिळून, पण झाले.

१४ मे

परवा गाडी. घरी फ्रिजवर कागद लावला : कुठल्या रात्री कुठे, वाटाड्याचा नंबर, सैरोपाच्या कार्यालयाचा नंबर, कुणाला कुठली औषधं चालतात आणि चालत नाहीत. २४ तारखेला गुशैणीहून फोन येणं अपेक्षित. २५चा दिवस कोरा ठेवलाय, त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन नाही आला तरी धावपळ करायची नाही. २६ला सकाळी दहापर्यंतही काही नाही, तर आधी वाटाड्याच्या घरी, मग सैरोपाला. आईने तो कागद दोनदा वाचला आणि खाली पेनाने लिहिलं : "मला रोज फोन." खोडलं नाही, पण नेटवर्कचं परत समजावलं.

भाकऱ्या आल्या. स्टीलच्या दोन डब्यांत, मधे वर्तमानपत्र घालून. मामा दुपारी येऊन चटणी चाखून गेले.

"तिखट कमी आहे."

"मामा, डॉक्टर म्हणाले."

"डॉक्टर लातूरचे आहेत," असं म्हणून त्यांनी आपली वेगळी पुडी माझ्या सॅकच्या वरच्या खिशात सरकवली. शंभर ग्रॅम. सात किलो शंभर झाले.